सिस्टरबाईंची चूल

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की बाई भलतीच फटकळ निघाली. हा तापटपणा मला आईकडून आला. रंग मात्र कुणाकडूनच आला नाही. मी जन्मले तीच पांढरी. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. उन्हात डोळे उघडत नाहीत आणि सावलीत ते एका जागी ठरत नाहीत, सारखे हलत राहतात. डॉक्टरांनी पुढे समजावून सांगितलं, की हे कोड नव्हे, अंगात रंग तयारच होत नाही, कुणाला लागत नाही की कमी-जास्त होत नाही. पण वेल्ह्याच्या वर डोंगरात आमच्या धनगरवाड्यावर डॉक्टरांचं कोण ऐकतंय! तिथे शब्द चालायचा आबांचा.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळे आई, दादा आणि मी आबांच्या दाराशी वाढलो. आबा वाईट माणूस नव्हते. खाण्यापिण्याचं त्यांनी कधी कमी केलं नाही. पण सकाळी शेळ्यामेंढ्या रानात काढताना मी वाटेत दिसले की ते जनावरांसकट मागे फिरायचे, दारात जरा टेकायचे आणि मग पुन्हा निघायचे. मला ओरडायचे नाहीत, काही नाही. स्वतःच्या मुलींना ते दिवसभर शिव्या घालायचे, "गाडवे" आणि "म्हशे" यांच्याखाली हाक नाही. मला मात्र कधी "ए" सुद्धा म्हणाले नाहीत. लोकांना वाटेल, नशीबवान पोरगी, शिव्या खाव्या लागल्या नाहीत. मला विचारा. ज्याला कुणी शिवीसुद्धा देत नाही त्याला काय वाटतं ते मी सांगते. आपण घरात आहोत की नाही, हेच कळत नाही.

चौथीपर्यंतची शाळा वाड्याखालच्या गावात झाली. पुढे आईने हट्ट धरला की पोरीला भोरला ठेवायची. शेतात उन्हात हिचा निभाव लागायचा नाही, सावलीत बसून चार अक्षरं शिकली तर जगेल. ती मला एसटीने भोरला घेऊन गेली आणि आम्ही खोली शोधत हिंडलो. एका घरी बाईने दारातूनच विचारलं, "कोड आहे का हो? आमची पोरं लहान आहेत." दुसऱ्या घरी नुसतं दार लावून घेतलं. शेवटी एसटी स्टँडवर चहा विकणाऱ्या बाईने सांगितलं, मागच्या गल्लीत सिस्टरबाई राहतात, एकट्याच असतात, विचारून बघा.

सिस्टरबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. भोरमधल्या निम्म्या लोकांना त्यांनी सुई टोचलेली होती, त्यामुळे निवृत्तीनंतरही नाव तेच राहिलं. नऊवार नेसायच्या, कोकणातल्यासारखं हेल काढून बोलायच्या. दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची एक तिरकी डबी ठोकलेली होती, ती आईने आत जातानाच हेरली. सिस्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी मला पाहिलं, अगदी नीट, पांढऱ्या केसांपासून पायांपर्यंत. मग डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. मराठी नव्हतं ते.

झालं! आईची तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मला मागे ओढलं, माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि गल्ली गोळा होईल अशा आवाजात म्हणाली, "काय पुटपुटलात? करणी करता व्हय माज्या लेकरावर? दारावर डबी कसली ठोकलीया? राकेल वतून पेटवून दीन घर!"

सिस्टरबाई घाबरल्या नाहीत. दवाखान्यात त्यांनी याहून वाईट ऐकलं असेल. म्हणाल्या, "अहो बाई, करणी नाही. आम्ही यहुदी. आमच्यात अशी रीत आहे. कधी न पाहिलेला, वेगळ्या घडणीचा जीव पहिल्यांदा दिसला की देवाचे आभार मानायचे. धन्य तू, जो जीव वेगवेगळे घडवतोस. एवढंच म्हटलं मी. आणि त्या डबीत देवाचं वचन लिहिलेला कागद आहे."

"आबार?" आई म्हणाली. "असल्या पोरीसाठी आबार?"

"तिच्यासाठीच."

आई पायरीवर बसली आणि रडायला लागली. मला कळेना, आता हिला काय झालं. आज कळतं. मी झाले तेव्हा वाड्यावर कुणी पेढा वाटला नव्हता, सुइणीने तोंड फिरवलं होतं, आणि आईला दहा वर्षांत भेटलेलं प्रत्येक माणूस "अरेरे" म्हणालं होतं. देवाचे आभार मानणारी ही पहिलीच बाई होती आणि आई तिचं घर पेटवायला निघाली होती.

मी तिथे राहिले ती शिक्षण संपेपर्यंत. आई महिन्याकाठी तांदूळ, नाचणी, तूप घेऊन यायची. सिस्टरबाई तूप ठेवून घ्यायच्या आणि आईला बजावायच्या, "हा शेवटचा डबा हं, पुढच्या वेळी आणलंत तर पायरीवरून परत पाठवीन." पुढच्या वेळी आई आणायची आणि त्या ठेवून घ्यायच्या.

त्यांचे नियम मला फार वेगळे वाटायचे. शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी दिवे लावून ठेवायच्या आणि शनिवारभर चूल नाही, गॅस नाही, बटण दाबणं नाही. एकदा मी म्हटलं, "मी पेटवते ना गॅस, मला कुठंय शनिवार? चहा करून देते तुम्हाला." तर म्हणाल्या, "तुला चहा हवा असेल तर तुझ्यापुरता कर. माझ्यासाठी नको." आणि दुपारी माझ्या चहाच्या वासाने त्यांचे डोळे असे काही लकाकायचे की मला तो घशाखाली उतरत नसे. संध्याकाळी आकाशात चांदण्या दिसल्या रे दिसल्या की पहिलं काम चहाचं. मी श्रावणात सोमवार धरायची. मी विसरले तरी त्या विसरायच्या नाहीत, सकाळीच शेंगदाणे भाजून ठेवायच्या. एकदा मी विचारलं, "तुमचा देव मी धरला तर?" त्यांनी मला असं पाहिलं की जणू मी कपाटातली साडी मागितली. "कशाला? तुझं तुझ्यापाशी आहे की. आमच्यात कुणाला ओढून घेत नाहीत. चांगलं वागणारं माणूस कुठल्याही घरचं असो, देवाला चालतं." विषय संपला. मला थोडा रागही आला. मी एवढं मोठं मन करून विचारलं आणि बाईंना त्याचं काहीच नाही!

शाळेत मुली मला इंग्रजाची म्हणायच्या. एकीच्या मी झिंज्या उपटल्या आणि फाटका फ्रॉक घेऊन घरी आले. सिस्टरबाईंनी सुईदोरा काढला. शिवता शिवता म्हणाल्या, "देवाने माणसं घडवायला घेतली तेव्हा एकदम शंभर का नाही घडवली? एकच का घडवला?"

"मला काय माहीत? माती कमी पडली असंल."

"आमचे जाणते सांगतात, एकच घडवला तो यासाठी, की पुढे कुणी कुणाला म्हणू नये, माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा."

मी म्हटलं, "माझा तर बापच नाही."

त्यांनी दोरा दाताने तोडला. "आहे. तोच. माझाही तोच आणि तुला चिडवणाऱ्या त्या कारटीचाही तोच. तिच्या झिंज्या उपटल्यास म्हणजे घरातल्याच पोरीच्या उपटल्यास. उद्या जाऊन बोल तिच्याशी." आता इतकं सुंदर सांगून झाल्यावर माणूस लाडाने जवळ घेईल की नाही? छे! पाठीत एक धपाटा घातला.

आणखी एक गोष्ट. त्यांनी पहिल्या दिवशी म्हटलेलं ते मला फार आवडलं होतं. आधी कळलं नाही, पण अर्थ कळल्यावर त्याची गोडी लागली. सुट्टीवरून परत आले की मी दारात उभी राहायची, नीट दिसेन अशी, आणि वाट बघायची. त्या "आलीस? हातपाय धू" म्हणून आत जायच्या. एकदा मी रडवेली होऊन म्हटलं, "आज म्हणा ना पुन्हा."

त्या हसल्या. "ते एकदाच म्हणायचं असतं. पहिल्यांदा पाहिलं की. नंतर तू काही मला वेगळी दिसत नाहीस. तूच दिसतेस." मग म्हणाल्या, "हातपाय धू. किती वेळा सांगायचं?"

दादाचं लग्न ठरलं ते मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना. नवरी कामथडीकडची, लग्न आमच्या वाड्यावर. दादाला सख्खी बहीण मी एकटी. म्हणजे करवली मीच. हातात कऱ्हा घेऊन नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायचं, तो मान कुणाला विचारून मिळत नाही, जन्मल्याबरोबरच मिळतो. मी लहानपणापासून तेवढ्या एका गोष्टीवर टपून होते. आईने गुपचूप मोरपिशी साडी घेऊन ठेवली होती.

लग्नाच्या दोन दिवस आधी आबांनी आईला सांगितलं, "कऱ्हा माजी धाकली धरंल. हिला पाठीमागं बसवा. पावनं नवीन हायती. पांढरी पोर म्होरं उबी दिसली की म्हणतील, हेंच्या रक्तातच हाय, उद्या आमच्या लेकीच्या पोटी बी असंच यील."

दादा म्हणाला, "मग म्या बी न्हाई उबा ऱ्हात." आबा म्हणाले, "नगो ऱ्हाऊस. बग कोन पोरगी देतंय." दादा उठून मांडवाचे बांबू बांधायला निघून गेला. तोंडाला तोंड देणारी आमची आई, तीसुद्धा नमली, कारण लग्नाचा सगळा पसारा आबांनी मांडला होता. मी साडी घडी घालून ट्रंकेत ठेवली. मला एवढा राग आला होता की रडू येईना.

सिस्टरबाईंना आईने बोलावलं होतं. मुहूर्त आधी शनिवारचा निघत होता. दादाने भटजींना सांगून तो गुरुवारचा काढून घेतला होता, त्या यायच्या म्हणून. बुधवारी दुपारी त्या जीपमधून वर आल्या, कापडी पिशवीत स्वतःचा तवा आणि पातेली घेऊन. हळदीसाठी बोकड कापला होता. आबा स्वतः ताट घेऊन त्यांच्यासमोर आले. पूर्वी कधीतरी आबांच्या पायात खिळा घुसला होता तेव्हा सिस्टरबाईंनीच मलमपट्टी केली होती, ते आबा विसरले नव्हते.

सिस्टरबाईंनी हात जोडले. "आबा, मटण नाही चालायचं मला. आमच्यात कापायची रीत वेगळी आहे."

आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हंजी आमच्या हातचं चालत न्हाई? आमी हलकं?"

"हलके कसे? तुमच्या पंगतीला बसायलाच आले मी. माझं माझ्या भांड्यात शिजवते आणि तुमच्या शेजारी बसून खाते. एकाच ताटातलं खाल्लं तरच माणसं एक होतात असं थोडंच आहे?"

आबांनी ताट खाली ठेवलं. मग एकदम म्हणाले, "खाली कोकणात शनवार तेली म्हणत्यात, त्येच का तुमी? शनवारी घाणा बंद ठिवत्यात त्ये?"

"तेच आम्ही."

"माजा बा सांगायचा. घाट उतरून त्येल आणाया जायचा तो. लई इमानी माणसं म्हणायचा." आणि आबा एकदम बदललेच! हाक मारून काकूला म्हणाले, "पावन्या बाईला येगळी चूल मांड. मटणाचा हात लागू दिऊ नगं. दूध चालंल न्हवं बाई? शेळीचं काढून देतो." स्वतः वाकून त्यांनी अंगणाच्या टोकाला तीन दगड मांडले, फुंकर घालून जाळ केला, नवीन मडक्यात दूध आणून ठेवलं. सिस्टरबाईंनी आपल्या तव्यावर भाकरी थापली आणि दूधभाकरी घेऊन आबांच्या शेजारी घोंगडीवर बसल्या. आबा मटण खात होते, त्या दूधभाकरी.

जेवता जेवता गप्पा निघाल्या. सिस्टरबाई म्हणाल्या, "एवढी मेंढरं. मला तर सगळी सारखीच दिसतात हो."

"सारखी?" आबा उसळले. "डोळं हायत का काय तुमाला? ती काळ्या कानाची, तिची आय लंगडी व्हती. ती पल्याडची, तिची नजर बगा कशी चोरटी हाय. अंदारात नुसता हात फिरवला तरी सांगीन कोंची हाय ती."

"आमच्यात सांगतात," सिस्टरबाई म्हणाल्या, "राजा एका छापाने नाणी पाडतो, ती सगळी सारखी निघतात. देवानेही सगळी माणसं पहिल्या एका माणसाच्याच छापाने पाडली. पण एक दुसऱ्यासारखं नाही. त्यातच त्याची थोरवी."

आबांनी हाड चोखत मान डोलावली. "खरं हाय. लई खरं हाय."

खरं हाय! मी आईच्या मागे अंधूक उजेडात भाकरी मोडत बसले होते, आणि त्या मान डोलावण्याने माझं डोकं फिरलं. मी उठून आबांसमोर गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले असेन.

"आबा, बाईंचं खाणं येगळं हाय, त्यांच्यासाठी तुमी वाकून चूल मांडली. मेंढरांत एकासारखं दुसरं न्हाई, त्याचं तुमाला कवतिक. आन् म्या येगळी दिसते तर म्या पाठीमागं बसायचं? मंग त्या चुलीला तरी कशाला फुंकर घातलीत?"

आवाज चढला होता माझा. पंगत थांबली. आई माझा हात ओढत होती. वाटलं, आता आबा उठतील आणि मुस्काटात मारतील. मारली असती तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी नेहमीसारखी मान दुसरीकडे वळवली, ताट बाजूला सारलं आणि उठून वाघरेकडे, म्हणजे मेंढ्यांच्या कुंपणाकडे निघून गेले.

मी सिस्टरबाईंकडे बघितलं, म्हटलं त्या तरी काही म्हणतील. त्या म्हणाल्या, "भाकरी संपव." एवढंच. बाईंनी उपदेश संपवला की संपवला, पुन्हा ढोसायच्या नाहीत. माणसाला आपलं आपण चालू द्यायचं, ही त्यांची पद्धत मला तेव्हा मुळीच पटली नव्हती.

लग्न असलं तरी जनावरांना चारा लागतोच. सकाळी मी पाण्याची घागर घेऊन वाटेवर होते आणि समोरून आबा शेळ्यामेंढ्या घेऊन आले. सवयीने मी झटकन बाजूला झाले, पाठ फिरवली. मागून आवाज आला, "हालू नगं. ऱ्हा तितंच. जातील जनावरं बाजूनं." मी उभी राहिले. सगळा कळप माझ्या दोन्ही बाजूंनी गेला, एका मेंढीने तर साडीला तोंडही लावलं. आबा शेवटी गेले. माझ्याकडे बघितलं नाही, पण मागे फिरलेही नाहीत. घरी गेले तर काकू म्हणाली, "नवी साडी नेस. कऱ्हा तुज्या हातात द्यायचाय म्हनं. आबांनी सांगितलंय."

मंडपाला छत होतं, पण दुपारचं ऊन कडेने आत आलं होतं आणि ते नेमकं माझ्या जागेवर पडलं होतं. माझ्याकडे काळा चष्मा होता, सिस्टरबाईंनीच घेऊन दिलेला. तो मी मुद्दाम काढून आईकडे दिला. म्हटलं, आज एक दिवस सगळ्यांसारखी दिसू दे, पाहुण्यांनी मोबाईलवर फोटो काढले तर त्यात काळा चष्मा नको. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि मला काही म्हणजे काही दिसेना. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. कऱ्हा कलला तरी मला पत्ता नाही. पाहुण्यांतली एक बाई शेजारणीला विचारत होती, "कोण गं ती तसली?" तिला वाटलं असेल हळू बोलतेय.

आणि भर मंगलाष्टकात आबांचा आवाज आला. डोंगरात शेळ्या वळवताना लावतात तो आवाज.

"ए गाडवे! चष्मा कुठंय तुजा? उनात दिसत न्हाई ठावं हाय न्हवं, मंग मिरवाया काढून ठिवलास व्हय? घाल आदी! कऱ्हा पाडलास तर तंगडं मोडून ठिवीन!"

भटजी थांबले. मग आबा त्या बाईकडे वळले. "कोन म्हंजी? करवली हाय. आमची पोरगी. ऊन सोसत न्हाई तिला."

आईने धावत येऊन माझ्या नाकावर चष्मा चढवला. डोळे उघडले. समोर दादा दिसला, अंतरपाट दिसला, पाठीमागे तीन दगडांच्या चुलीशी बसलेल्या सिस्टरबाई दिसल्या, तोंडावर पदर धरून हसत होत्या. माझ्या डोळ्यांतलं पाणी मात्र चष्म्यातूनही थांबेना, आणि आता ते उन्हाचं नव्हतं. वीस वर्षांत आबांनी मला पहिल्यांदा गाडवे म्हटलं होतं.